सोबत्याचे नाव

डिसेंबर २००४ मधल्या एका रात्री मी माझे नाव बदलून घेतले होते. बदलले मी नाही. माझ्या मित्राने बदलले आणि मी गप्प राहिलो. त्या नावावर मी भाकरी खाल्ली, पिठले खाल्ले आणि घोंगडी पांघरून झोपलो. गोष्ट एवढीच आहे. पण गेली वीस वर्षे ती अधूनमधून वर येते आणि दर वेळी मी तिचा निराळा निवाडा करतो. या लेखात शेवटचा निवाडा होईलच असे नाही.

आम्ही पाच जण लोणावळ्याहून भीमाशंकरला पायी निघालो होतो. पुण्या-मुंबईच्या भटक्यांमध्ये ही वाट प्रसिद्ध आहे. अंतर ५० किलोमीटरांहून जास्त, आणि रमतगमत गेले तर तीन दिवस लागतात. तुंगार्लीच्या तलावाजवळून निघायचे आणि राजमाचीच्या दिशेने चालू लागायचे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले बराच वेळ दिसत राहतात. मग वळवंड, कोंडेश्वर, ढाकचा सुळका, कुसूरचे पठार. डाव्या हाताला कडा तुटलेला आणि खाली कोकण. उजव्या हाताला भिवपुरीच्या वीजघरासाठी टाटांनी शंभर वर्षांपूर्वी अडवलेले आंद्रा खोऱ्यातले पाणी. पुढे सावळे, वांद्रे खिंड आणि शेवटी भीमाशंकरचे जंगल. आता त्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. तेव्हा नव्हत्या.

पाचांपैकी चार हिंदू आणि एक मी. मित्र म्हणावा असा एकच होता, कॉलेजपासूनचा. उरलेल्या तिघांपैकी दोघांची तोंडओळख लोणावळ्याच्या फलाटावर पहाटे झाली. एकाच्या पाठपिशवीत गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' होती. राजमाचीवर घडणारी कादंबरी राजमाची बघत वाचायची असा त्याचा बेत होता. त्याने ती तीन दिवसांत एकदाही उघडली नाही, पण ओझे मात्र इमानाने वाहिले. तळेगावात राहून आप्पांनी हा सगळा मुलूख पायांखाली घातला, त्याची ही आठवण, असे तो म्हणायचा.

वाटेवरची सोबत ही अजब चीज आहे. घरी शेजाऱ्याच्या बायकोला मधुमेह आहे हे कळायला आपल्याला पाच वर्षे लागतात. इथे दुपारपर्यंत मला ठाऊक झाले होते की कोणाचा गुडघा दुखतो, कोण पाणी जास्त पितो, कोण चढावर गप्प होतो आणि कोण उतारावर घाबरतो. पाच संत्री होती. संध्याकाळी त्यांतले एकच उरले, तेव्हा त्याच्या फोडी मोजून वाटल्या गेल्या आणि एक फोड जास्त निघाली. ती सर्वांत लठ्ठ गड्याला द्यायची यावर कोणाचे दुमत झाले नाही. हा गडी हिशेबनीस होता. सकाळी अकरापासूनच तो मागे पडत होता. दोन वेळा आम्ही त्याच्यासाठी थांबलो आणि तिसऱ्या वेळी पुढचे दोघे कुरकुरले. अंधाराआधी पठार ओलांडायचे असेल तर त्याला वाडीतला एखादा पोरगा सोबत देऊन परत पाठवू, असे निघाले.

तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत ऐकलेली एक रिवायत आठवली. प्रवासात रसूलुल्लाह स्वतः काफिल्याच्या मागच्या बाजूला राहत. जो दुबळा मागे पडे त्याला हाकारून पुढे आणत, लागलेच तर आपल्या सवारीवर मागे बसवून घेत आणि त्याच्यासाठी दुआ करत. अबू दाऊदच्या संग्रहात ती आहे. त्याच संग्रहात आणखी एक आहे: तिघे प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे. मी या दोन्ही गोष्टी सांगितल्या. हसणे झाले, पण मग त्या हिशेबनिसालाच अमीर करण्यात आले. तो बसेल तेव्हा बसायचे, तो उठेल तेव्हा उठायचे. नवल असे की अमीर झाल्यावर तो कमी वेळा बसू लागला.

त्या रात्री आम्ही पठारावरच्या एका वाडीत पोहोचलो. नाव सांगत नाही. दहा-बारा घरे, महादेव कोळ्यांची. एका आजीने ओटी झाडून दिली. तिचा मुलगा कामाला कुठे बाहेर होता आणि सून चुलीपाशी. आजीने एकेकाला न्याहाळले आणि एकेकाचे नाव विचारले. तिकडे नाव विचारणे हा पाहुणचाराचाच भाग असतो. नावामागोमाग आडनाव, मग गाव, मग त्या गावातला कोणीतरी सोयरा सापडतो. माझी पाळी आली. मी तोंड उघडण्यापूर्वी मित्राने माझ्या नावाचे पहिले अक्षर तेवढे ठेवून एक दुसरे नाव सांगून टाकले. आजीने ते नाव घेऊन मला विचारले, "कुठला रं तू?" मी म्हणालो, "पुण्याचा." एवढे खरे होते.

मित्राची बाजू आधी मांडतो. ती लहान नाही. दोन वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावरच्याच एका गावी, आम्हा दोघांना रात्री एक खोली मिळाली होती. वहीत नावे लिहिली आणि खोली नव्हतीच असे निघाले. नुकतेच २००२ साल उलटत होते आणि गुजरातच्या बातम्या ताज्या होत्या. आम्ही एसटी स्टँडवर बाकावर झोपलो. माझ्यापेक्षा त्यालाच ती गोष्ट जास्त लागली होती. त्या रात्री तो माझ्याकडे बघत नव्हता, जणू वहीतली रेघ त्यानेच मारली होती. वाडीत त्याने जे केले ते मला वाचवण्यासाठी केले. त्याच्या प्रेमाविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

पण प्रश्न प्रेमाचा नव्हता. जेवणे झाली, आजीने माझ्या ताटात तिसरी भाकरी घातली आणि ती घालताना ते दुसरे नाव घेतले. ती भाकरी कोणाची होती? मला की त्याला, जो तिथे नव्हता? दुसऱ्याच्या नावे आलेली मनीऑर्डर सही करून घ्यावी तसे काहीतरी माझ्या घशात अडकले. अमानत या शब्दाचा अर्थ आपण पैशापुरता करतो. आतिथ्यही अमानत असते का? यजमान ज्याला समजून देतो, त्याच्याखेरीज दुसऱ्याने ते घ्यावे का? आमच्या एका बुजुर्गांना मी पुढे हे विचारले. ते म्हणाले, जीव धोक्यात असेल तर आपले असणे लपवायला मुभा आहे, पण तिथे तुझा जीव धोक्यात होता का? नव्हता. फार तर भाकरी धोक्यात होती.

प्रवाशाला आपल्या दीनने सवलती पुष्कळ दिल्या आहेत. रोजा पुढे ढकलता येतो. चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन होतात. हनफी मसलकात त्यासाठी साधारण ४८ मैलांचा हिशेब सांगतात. निघण्यापूर्वी मी मौलानांना विचारायला गेलो तेव्हा ते बोटांवर मोजू लागले होते: पुणे ते लोणावळा इतके, पुढे डोंगरातले इतके, "हो, पण डोंगरातले मैल लांब असतात का हो?" असे त्यांनी मलाच विचारले. शाफई असलेल्या माझ्या कोकणातल्या मावसभावाचा हिशेब थोडा निराळा निघतो. ते असो. सांगायचे हे की नमाज अर्धी करण्याची मुभा आहे, नाव अर्धे करण्याची कुठे वाचली नाही.

आणि सवलतीच फक्त नाहीत, जबाबदारीही आहे. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी भले वागायचे त्यांची यादी येते. आईबाप, नातलग, अनाथ, गरीब, जवळचा शेजारी, परका शेजारी आणि मग 'बाजूचा सोबती'. अनेक भाष्यकारांनी या सोबत्याचा अर्थ सहप्रवासी असाही केला आहे. वाटसरू त्याच्यानंतर वेगळा येतो. म्हणजे जो केवळ काही तास, काही दिवस तुमच्या बाजूने चालला, त्याचाही तुमच्यावर हक्क तयार होतो. रक्ताचे नाते नाही, शेजार नाही, धर्माची अटही तिथे घातलेली नाही. पावलांचे नाते आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हे मला पाण्यावरून कळले. पठारावरचा झरा आटलेला निघाला. माझ्या बाटलीत दोन घोट उरले होते आणि जुहरची वेळ निघून चालली होती. फिकह इथे स्पष्ट आहे. पाणी तहानेसाठी लागणार असेल, स्वतःच्या, सोबत्याच्या, इतकेच काय जनावराच्या, तर वुजू न करता तयम्मुम करावा. मी कोरड्या मातीवर हात मारले आणि पाणी अमीरसाहेबांना दिले. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. बाटली परत देताना ते म्हणाले, "गरम आहे." मला या गोष्टीचे अजून हसू येते.

पण मी दुसऱ्या दिवसावर आधीच आलो. मधली सकाळ राहिली.

फजरला मी घराच्या मागे, पेंढ्याच्या आडोशाला गेलो. कोणी पाहू नये असा बेत होता. सलाम फेरला तेव्हा आजी हंडा घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मुलान्याचा का तू?" तिने विचारले.

मी मुलाणी नाही, पण या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच होते. मावळातल्या जुन्या गावगाड्यात मुसलमान म्हणजे मुलाणी. जत्रेच्या बकऱ्यावर सुरी फिरवायला तोच लागायचा आणि त्याचा वाटा ठरलेला असायचा. आजी म्हणाली, माहेरी त्यांच्याकडे मुलाणी येई, त्याच्या हातचे कापल्याशिवाय मटण शिजत नसे. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "काल येगळं नाव सांगितलंस." मी काही बोललो नाही. "आमी काय हाकलून देनार व्हतो व्हय?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. तिला वाईट वाटले होते. तोवर मी रात्रभर एकाच बाजूने विचार करत होतो, की माझे नाव गेले, माझा अपमान झाला. अपमान तिचाही झाला होता हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दार उघडण्यापूर्वीच आम्ही तिला दार लावणाऱ्यांमध्ये जमा केले होते. कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या माणसाने वहीत मारलेली रेघ आम्ही तिच्या ओटीवर आणून मारली होती.

इथे कोणी म्हणेल, भीती निराधार नव्हती. मी कुठे म्हणतो होती? गेल्या काही वर्षांत नाव पाहून घर नाकारले गेलेले किती तरुण आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. भीतीलाही हक्क असतात. पण एकाने दिलेल्या घावाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करावी का, या प्रश्नाला 'भीती वाटत होती' हे उत्तर पुरत नाही; आणि दर दारी पुरे नाव सांगून दर वेळी छाती पुढे करावी, असे म्हणणे सोपे आहे, विशेषतः घरी खुर्चीवर बसून. मी अडकलो आहे तो इथे.

अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत, साडेतीन हजार किलोमीटर. ती सलग चालणारे महिनोन्महिने वाटेवर असतात आणि त्यांच्यात एक रीत आहे: घरचे नाव मागे ठेवायचे आणि वाटेवरचे नाव घ्यायचे. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाची ६७ वर्षांची आजी ती वाट एकटीने सबंध चालली. फिरायला जाते एवढेच घरी सांगून निघाली होती. वाटेत अनोळखी लोकांनी तिला जेवू घातले, अंथरूण दिले, आणि काही दारांनी तिला परतही लावले. हे वाचताना मला बरे वाटले, की परत लावणारी दारे सगळीकडे असतात. मग हेही वाटले की तिला परत लावले ते ती कोण आहे यावरून, काय नाव आहे यावरून नव्हे.

वाटेवर नाव टाकण्याची रीत आपल्याकडेही आहे आणि ती त्यांच्याहून जुनी आहे. वारीत सगळेच 'माउली'. पुढचा माउली, मागचा माउली, पाय चेंगरला तरी माउली. तुकोबांची पालखी १६८५ पासून देहूहून निघते आणि देहूबाहेर तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, तिथे आरती होते. ज्या परंपरेने श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत म्हणून मानले, त्यांचे नाव शेखच ठेवून मानले, तिच्यात हे बसते. हजला इहराम बांधल्यावर लखपती आणि हमाल एकाच शिवण नसलेल्या कपड्यात उभे राहतात, तेही असेच. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. नाव टाकले तर सगळ्यांचे टाकले जाते, कपडा बदलला तर सगळ्यांचा बदलतो. आमच्या ओटीवर चौघांची नावे जशीच्या तशी होती. बदलले ते एकाचेच. सोबतीसाठी सगळ्यांनी थोडे थोडे काही सोडणे वेगळे, आणि एकानेच सगळे सोडायचे व उरलेल्यांनी त्याला सांभाळून घ्यायचे हे वेगळे. दुसऱ्या प्रकारातही माया असते. माझ्या मित्राची होती. पण त्या मायेत मी बरोबरीचा सोबती नव्हतो, सांभाळायचे ओझे होतो.

आणि मावळाबद्दल बोलायचे तर कार्ल्याची लेणी विसरता येत नाहीत. लोणावळ्याहून ती हाकेच्या अंतरावर आहेत. चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटवाटांनी ये-जा करणारे परके लोक. त्यांनी एकेक खांब दिला आणि आपण यवन आहोत हे नावासोबत खोदून ठेवले. खोदणाऱ्याने ते खोदले, भिक्खूंनी ते राहू दिले. मी तिथे उभा राहिलो की मला प्रथम नक्षी दिसत नाही, ती अक्षरे दिसतात. वाचता येत नाहीत तरी.

मित्राशी मी हे बोललो का? तिसऱ्या दिवशी बोललो, वांद्रे खिंडीच्या पुढे, दोघेच मागे राहिलो होतो तेव्हा. तो आधी चिडला. "तुला झोपायला जागा मिळाली ना?" म्हणाला. मी म्हणालो, मिळाली, पण मला नाही. त्याला ते शब्दांचे खेळ वाटले. अर्धा तास आम्ही काही बोललो नाही. जंगल सुरू झाले होते. वर फांदीवरून एक शेकरू पळाले, त्याने मला खुणेने ते दाखवले आणि अबोला तिथेच सुटला. विषय मात्र सुटला नाही. खूप वर्षांनी त्याने फोनवर आपण होऊन म्हटले, "त्या दिवशी मी तुला विचारायला हवे होते." मी म्हणालो, मीही बोलायला हवे होते. विचार करता, माझा दोष मोठा आहे. त्याच्याकडे एकच क्षण होता. माझ्याकडे सबंध संध्याकाळ होती.

भीमाशंकरला पोहोचलो तेव्हा ते चौघे दर्शनाला गेले. मी बाहेर पाच जणांच्या पिशव्या आणि बूट सांभाळत बसलो. मंदिराची मोठी घंटा पोर्तुगीज आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यांतली ही एक. ती घंटा पाहून मला दोन गोष्टी एकदमच सुचल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक, की किती सहज तिने दुसऱ्या देवाचे घर आपलेसे केले. दुसरी, की तिला कोणी विचारले नव्हते.

त्या पाचांची सोबत पुढे टिकली नाही. हिशेबनीस बदली होऊन गेला, कादंबरीवाला परदेशी गेला, एकाचे नाव आज आठवायला वेळ लागतो. पूर्वी मला याचे वाईट वाटे. आता वाटत नाही. दर सोबत आयुष्यभर टिकलीच पाहिजे, नाही तर ती खोटी, हा हट्ट आपण लग्नावरून शिकलो असू. दोन घोट पाण्याची जी सोबत होती ती त्या दुपारी पुरी झाली होती. वाडीतल्या रात्रीचे तसे म्हणता येत नाही. ती अर्धी राहिली होती.

म्हणून २०१६ च्या हिवाळ्यात मी एकटा तिकडे गेलो. आता बऱ्याच अंतरापर्यंत जीप जाते. घर ओळखू आले, छपरावर पत्रे आले होते. आजी नव्हती. वारून सहा वर्षे झाली, असे सुनेने सांगितले. सूनही आता म्हातारपणाकडे झुकली होती. मी म्हणालो, बारा वर्षांपूर्वी एक रात्र राहिलो होतो. तिला काही आठवत नव्हते. किती येतात, किती जातात. मग तिने नाव विचारले.

मी सांगितले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव, सगळे.

ती क्षणभर थांबली. ते थांबणे नावाचे होते की पिठाचा अंदाज घेण्याचे, मला आजही सांगता येणार नाही. "बसा मंग," ती म्हणाली, "चूल पेटवायची हाय अजून."